मिक्सरचं भांडं बुडातून म्हातारं होतं

वरून भांडं नवंकोरं दिसतं. स्टील चकचकीत, कंपनीचं नाव अजून वाचता येतं. पण उपडं करून खालचा कपलर (मोटरवर बसणारा दातेरी भाग) बोटांनी फिरवला की खरखर लागते, आणि रात्री ओट्यावर जिथे ठेवलं होतं तिथे सकाळी एक काळपट वर्तुळ उमटलेलं असतं. गोव्यातल्या स्वयंपाकघरांत मिक्सरची भांडी बहुतेक अशीच, बुडातून जातात. नारळ, मिरची, चिंच, मीठ आणि व्हिनेगर यांचं रोजचं वाटप, म्हणजे वाटण, आणि बाहेर खारी, ओली हवा, असा दुहेरी मार त्यांच्यावर असतो.

पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांसाठी ही माहिती आहे. सुके धने-मिरी दळायचं चटणीचं छोटं भांडं असो की हुमणाच्या (मासळीच्या आमटीच्या) वाटपाचं मधलं, निगा जवळपास सारखीच. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

आधी भांडं उपडं करून बघा

मिक्सरबरोबर साधारण तीन भांडी येतात: ताक-सरबताचं दीड लिटरचं, वाटपाचं सुमारे एक लिटरचं आणि चटणीचं 300 ते 400 मिलिलिटरचं. तिन्हींची रचना एकच. आत पाती, पात्यांवर ती धरून ठेवणारा टोपीसारखा नट, पात्यांखाली वॉशर. पात्यांना फिरवणारा दांडा भांड्याच्या बुडातून आरपार खाली येतो. तो जिथून जातो तिथे पितळेच्या रंगाची एक छोटी नळी बसवलेली असते, तिला बुश म्हणतात. बुशच्या वरच्या तोंडाशी रबराचं सील असतं. आतलं पाणी खाली उतरू न देणं हे त्याचं काम. सगळ्यात खाली दातेरी कपलर, जो मोटरवरच्या कपलरमध्ये बसतो. झाकणाच्या खाचेत रबराची गोल कडी, म्हणजे गॅस्केट.

यातलं स्टीलचं भांडं वर्षानुवर्षं टिकतं. सील, बुश, कपलर आणि गॅस्केट हे चार भाग मात्र झिजणारे आहेत. ते किती टिकतील हे तुम्ही भांडं कसं धुता आणि कसं सुकवता यावर ठरतं.

स्टीलला गंज चढतो तो कसा

स्टेनलेस स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते पृष्ठभागावर एक पापुद्रा तयार करतं. हा पापुद्रा जेमतेम काही नॅनोमीटर जाड असतो, डोळ्यांना दिसत नाही. ओरखडा पडला तरी स्टील स्वच्छ असेल आणि हवा लागत असेल तर तो आपोआप पुन्हा तयार होतो. त्याचा खरा शत्रू क्लोराइड, म्हणजे आपलं मीठ. मिठाच्या जोडीला आंबट पदार्थ आला की पापुद्रा लवकर फुटतो, आणि पात्याखालच्या फटीत चिकटलेल्या वाटपाखाली हवाच पोचत नसल्यामुळे तो पुन्हा भरूनही येत नाही. तिथे टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि आत आत जात राहतात.

आता मासळीत भरायचा रेशाद मसाला आठवा. सुक्या मिरच्या, लसूण, जिरं, मिरी, चिंच, मीठ आणि माडाचं व्हिनेगर: मीठही आहे, आंबटही आहे, आणि वाटप चिकट असल्यामुळे फटीत जाऊन बसतंही. स्टीलला इतका जाच दुसरं कुठलंच वाटप देत नसेल. रेशाद वाटून भांडं तसंच रात्रभर ठेवणं यापेक्षा वाईट सवय नाही. मसाला काचेच्या बरणीत काढा आणि भांडं लगेच पाण्याखाली धरा.

गोव्याच्या हवेचाही यात वाटा आहे. हवेतली सापेक्ष आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कण हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतो. पावसाळ्यात इथे आर्द्रता दिवसचे दिवस त्याच्या वरच असते. मिठागरातल्या जाड मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, आणि ते तर याहून कितीतरी कमी आर्द्रतेत ओले होतात. म्हणजे कोरडं वाटणाऱ्या भांड्यात पात्याखाली मिठाचा एक कण राहिला, तरी जून ते सप्टेंबर तो कण ओलाच असतो आणि स्टील खात बसतो. घाटावर चालून जाणारी सवय इथे चालत नाही, ती यामुळे.

चुंबकाबद्दल थोडं. दुकानात भांड्याला चुंबक लावून 'चिकटत नाही, म्हणजे अस्सल' असं सांगतात. त्यावर विसंबू नका. 304 प्रतीच्या स्टीलमध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल असतं. स्वस्त 202 प्रतीत निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. चुंबक दोन्हींना चिकटत नाही, पण खारट-आंबटाला 202 लवकर बळी पडतं. उलट चांगल्या 304 च्या भांड्याचीही दाबून वळवलेली कड किंचित चुंबक ओढू शकते. ती फसवणूक नव्हे. पात्यांना चुंबक सहसा चिकटतो, कारण धार टिकावी म्हणून ती वेगळ्या, कडक केलेल्या स्टीलची असतात. अशा स्टीलमध्ये क्रोमियम कमी असतं. म्हणून गंजाचा पहिला ठिपका पात्यावर दिसतो. प्रत विचारायचीच असेल तर दुकानदाराला आकडा विचारा आणि भांड्यावर किंवा खोक्यावर छापलेला आहे का ते बघा.

रोजची धुलाई: वाटप काढल्यापासून पाच मिनिटांत

प्लग काढा. मग रबरी किंवा लाकडी चमच्याने वाटप काढा. धातूचा चमचा पात्यांवर आपटला की धारेला खाचा पडतात. तळाशी राहिलेलं वाटप बोट घालून निपटू नका. त्यात अर्धी वाटी पाणी घालून एक झटका द्या आणि ते पाणी कढीत किंवा हुमणात ओता. वाटपही वाया जात नाही आणि निम्मी धुलाईही होते. गोव्यातल्या जुन्या बायका हे 'धुवण' कधी फेकत नाहीत.

आता भांड्यात एक कप कोमट पाणी आणि भांडी धुण्याच्या द्रवाचे दोन थेंब घाला. द्रव जास्त झाला तर फेस झाकणातून वर येतो आणि खाली मोटरच्या बाजूला ओघळतो. पाणी भांड्याच्या एक-तृतीयांशाहून वर नको. झाकण हाताने दाबून धरा आणि पाच-पाच सेकंदांचे तीन झटके द्या. पाणी ओता, साध्या पाण्याने हेच एकदा परत करा.

पाणी कोमटच का? खोबऱ्याचं तेल सुमारे 24 अंशांना गोठतं. पावसाळ्यातल्या किंवा डिसेंबरमधल्या थंड नळाच्या पाण्याने नारळाचं भांडं धुतलं तर तेल सुटण्याऐवजी पात्यांखाली मेणासारखं चिकटतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच खवट वास येतो. हात सहज बुडवता येईल इतकं गरम पाणी पुरे. उकळतं पाणी घालून झाकण लावून मिक्सर फिरवणं मात्र धोक्याचं. आत वाफ कोंडते, झाकण उडतं आणि गरम पाणी अंगावर येतं. भाजलेला नारळ वाटतानाही हेच लक्षात ठेवा. शागुतीचं (भाजल्या खोबऱ्याच्या मटण-कोंबडीच्या रश्श्याचं) खोबरं आणि मसाले परतले की परातीत पसरून हाताला थंड लागेपर्यंत थांबा, मगच भांड्यात घाला. गरम वाटपाने झाकण उडतंच, शिवाय बुडाचं रबरी सीलही हळूहळू कडक होत जातं.

आतून-बाहेरून घासायला मऊ स्पंज किंवा काथ्या. नारळाच्या सोडणाचा कुचा करून भांडी घासायची इथली रीत आहे, आणि स्टीलला ती तारेच्या घासणीपेक्षा कितीतरी बरी. तारेच्या घासणीचे बारीक लोखंडी तुकडे स्टीलमध्ये रुततात, ते तुकडे गंजतात आणि आपल्याला वाटतं भांडंच गंजलं. राखेने घासायचं असेल तर चाळलेली, बारीक राख घ्या. (कोकणीत 'गोबर' म्हणजे राख. घाटावरून नव्याने आलेल्यांनी दचकू नये.) पण मिक्सरच्या भांड्याला राख न लावलेलीच बरी; तिचे कण बुशमध्ये शिरले तर सँडपेपरचं काम करतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भांडं पाणी भरून सिंकमध्ये ठेवू नका, आणि पाण्याच्या टबात तर बुडवूच नका. सील वरून येणारं पाणी अडवायला असतं. खालून, कपलरच्या बाजूने शिरणारं पाणी अडवायला तिथे काहीच नसतं. ते थेट बुशमध्ये जातं, आतलं तेल धुऊन काढतं आणि दांड्यावर गंज धरतो. खालची बाजू ओल्या फडक्याने पुसायची, नळाखाली धरायची नाही. डिशवॉशर असेल तर त्यातही हे भांडं टाळा. त्याची तीव्र पावडर आणि तासभराचं गरम पाणी सील-बुशला सोसत नाही.

सुकवणं दोन टप्प्यांत. आधी दहा मिनिटं भांडं तोंड खाली करून ठेवा, पण सपाट ओट्यावर नाही. जाळीवर, किंवा एका बाजूला चमचा सरकवून, म्हणजे खालून हवा जाईल. पाणी निथळलं की कोरड्या फडक्याने आतून पुसा, पात्यांखाली फडक्याचं टोक फिरवा आणि भांडं आडवं, तोंड उघडं ठेवून द्या. झाकण वेगळं. तोंड खाली करूनच रात्रभर ठेवलं तर ओल आत कोंडते आणि सकाळी भांड्याला दमट वास येतो.

सुके मसाले दळल्यावर रोज पाणी घालायची गरज नाही. भांडं उपडं करून तळव्याने ठोका, कोरड्या ब्रशने पात्यांखालचं झटका. मग मूठभर स्वस्त सुरय (न उकडलेले) तांदूळ घालून वीस सेकंद फिरवा. तांदळाचं पीठ मसाल्याचं तेल आणि वास शोषून घेतं. पीठ टाकून द्या, भांडं पुसून घ्या. लवंग-दालचिनीनंतर वेलची दळायची असेल तेव्हा हा उपाय पाण्यापेक्षा चांगला, कारण भांडं कोरडंच राहतं.

तांदूळ किंवा जाड मीठ फिरवलं की पात्यांना धार येते, असं घरोघरी सांगतात. धार येत नाही. पात्यांवर चिकटलेली पुटं खरवडली जातात, म्हणून दोन दिवस वाटप बरं होतं. तांदूळ निरुपद्रवी आहे. मिठाचा प्रयोग करू नका. मिठाचं पीठ वॉशरखाली जाऊन बसतं, आणि पुढे त्याचं काय होतं ते वर आलंच आहे.

पात्याखालचा काळा थर

आठवड्यातून एकदा, भांडं उजेडात तिरकं धरून पात्यांखाली बघा. नटाच्या खाचेत आणि वॉशरच्या कडेला तपकिरी-काळा चिकट थर दिसला तर तो जुन्या नारळाचा आणि हळदीचा आहे.

एक चमचा खाण्याचा सोडा दोन चमचे पाण्यात कालवा, जुन्या टूथब्रशने पात्यांखाली आणि नटाभोवती लावा आणि दहा मिनिटं ठेवा. हळदीचा पिवळा डाग एकदम तांबडा झाला तर घाबरू नका. हळद अल्कलीत लाल होते, धुतल्यावर रंग जातो. मग ब्रशने पात्याच्या खालच्या बाजूने घासा. ब्रश नेहमी पात्याच्या पाठीकडून धारेकडे ओढा, उलट नाही. उलट ओढलात तर केस कापले जातात आणि तुकडे वाटपात येतात. खाचेतला थर लाकडी दातकोरणीने काढा, सुईने नाही.

सोडा आणि लिंबू एकत्र घालून फसफसवण्याची युक्ती सगळीकडे फिरते. फेस बघायला मजा येते, पण दोघं एकमेकांना मारतात आणि हाती जवळपास खारट पाणी उरतं. तेलकट थराला सोडा, पांढऱ्या क्षाराला आणि गंजाच्या ठिपक्यांना आंबट. एका वेळी एकच.

झाकणाची गॅस्केटही याच दिवशी खाचेतून ओढून काढा. मागच्या बाजूला काळे ठिपके असतील तर ती बुरशी आहे. कोमट साबणाच्या पाण्याने दोन्ही बाजू घासा, खाच टूथब्रशने स्वच्छ करा, आणि गॅस्केट सावलीत पूर्ण सुकल्यावरच परत बसवा. ओल्या गॅस्केटमुळे बुरशी परत येते. ती ताणली गेली, चिरली किंवा झाकणातून आपोआप निसटू लागली की बदलायची.

डाग ओळखा, मग उपाय

तपकिरी ठिपका दिसला की लगेच 'स्टील गंजलं' म्हणू नका. गोव्याची जमीन जांभ्याची. काही भागांतल्या विहिरींच्या आणि बोअरवेलच्या पाण्यात लोह असतं, आणि ते पाणी भांड्यात सुकलं की तांबूस वलय राहतं. ओळखायची रीत सोपी. लिंबाची फोड एक मिनिट चोळा, धुवा, पुसा. डाग गेला आणि नख फिरवल्यावर पृष्ठभाग गुळगुळीत लागला, तर ते पाण्याचं लोह होतं. नख अडकलं तर तो खड्डा आहे. एक-दोन खड्डे असतील तर भांडं चालेल, पण रेशाद आणि चिंचेचं वाटप त्यात थांबू देऊ नका. पात्याच्या मुळाशी खड्डे असतील तर पातं तिथेच मोडू शकतं. ती पाती बदला.

पांढरट पडदा असेल तर तो कठीण पाण्याचा क्षार. एक कप कोमट पाण्यात एक चहाचा चमचा लिंबूसत्व विरघळवा, पंधरा मिनिटं ठेवा, ओता, दोनदा धुवा, पुसा. पंधरा मिनिटांचे दोन तास करू नका.

पारदर्शक झाकणावरची हळद घासून जात नाही. थोडं खोबरेल चोळून पुसा, साबणाने धुवा आणि उन्हात ठेवा. ऊन हळदीचा रंग फिकट करतं. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा ऑक्टोबरपर्यंत पिवळं झाकण सहन करा.

वासाचंही तसंच. गालमो (सुका बारीक जवळा) किंवा सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर-चटणी केल्यावर भांड्याला जो वास राहतो तो अमाइन नावाच्या रसायनांचा, आणि अमाइनं अल्कलीधर्मी असतात. तिथे सोडा घालून काही होत नाही. दोन चमचे व्हिनेगर किंवा अर्ध्या लिंबाचा रस कपभर पाण्यात घालून एक झटका द्या, दोन मिनिटांत ओता आणि साबणाने धुवा. लसणीचा वास मात्र असा जात नाही. त्याला सोडा, मग तांदूळ, मग एक दिवस उघडी हवा.

कपडे पांढरे करायचं ब्लीच स्टीलजवळ आणू नका. त्यात क्लोरीन असतं, ते मिठापेक्षा जलद खड्डे पाडतं. आणि व्हिनेगर किंवा लिंबूसत्वात ब्लीच मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो.

बुश आणि सील: खरी निगा इथे

महिन्यातून एकदा दोन चाचण्या करा.

पहिली, गळतीची. भांडं बाहेरून पूर्ण कोरडं करा, आत एक कप पाणी घाला आणि जुन्या वर्तमानपत्रावर अर्धा तास ठेवा. कागद कोरडा राहिला तर सील ठीक. मधोमध नाण्याएवढा ओला डाग पडला तर सील जायला लागलं आहे. डाग करडा-काळा असेल तर बुशही झिजला आहे. तो काळेपणा म्हणजे झिजलेल्या धातूचा चुरा आणि जुनं तेल.

दुसरी, खेळाची, म्हणजे दांडा किती हलतो याची. जाड फडक्याने पात्यांचा नट धरा आणि आडवा हलवून बघा. किंचित सरकणं चालतं. दांडा बोटाला जाणवेल इतका डावी-उजवीकडे डुलत असेल किंवा टकटक वाजत असेल तर बुश मोठा झाला आहे. असा दांडा वेगात फिरताना सील फाडतो, आणि फाटलेल्या सीलमधून पाणी बुशमध्ये उतरतं. एकदा हे चक्र लागलं की आठवड्यांत भांडं निकामी होतं. म्हणून बुश आणि सील नेहमी एकत्रच बदलायचे. नुसतं सील बदलून पैसे वाचवणाऱ्याला महिन्याभरात परत जावं लागतं.

आत काळसर वाटप दिसलं तर ते वाटप टाकून द्या आणि भांडं दुरुस्त होईपर्यंत वापरू नका.

चांगल्या बुशला तेल लागतं, पण फार थोडं. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या लिक्विड पॅराफिनचा एक थेंब, भांडं उपडं करून, दांडा आणि बुशच्या मधल्या फटीत सोडा. कपलर दहा-बारा वेळा हाताने फिरवा आणि बाहेर आलेलं तेल पुसून टाका. तीन महिन्यांतून एकदा पुरे. खोबरेल किंवा कुठलंही खाण्याचं तेल इथे नको: ते हवेने चिकट होतं आणि दांडा जाम करतं. शिलाई मशीनचं तेलही नको, कारण त्यातलं थोडं शेवटी तुमच्या वाटपात येतं.

कपलरचे दात झिजले की मिक्सर चालू होतो, आवाज वाढतो, पण पाती अडखळतात आणि जळक्या रबराचा वास येतो. कपलर घरी बदलता येतो, फक्त दिशा कळली पाहिजे. रिकाम्या मिक्सरला एक झटका देऊन मोटरवरचा कपलर थांबताना कुठल्या दिशेला फिरतोय ते बघून ठेवा आणि प्लग काढा. भांड्याखालचा कपलर मोटरच्या फिरण्याच्या दिशेने घट्ट होत जातो, म्हणून तो उलट दिशेला फिरवला की सुटतो. पण भांडं उपडं केल्यावर दिशाही उलटी दिसते, आणि चुकतात ते इथेच. भांडं सुलटं कल्पून दिशा ठरवा. पाती फडक्यात गुंडाळून घट्ट धरा, पक्कडीने कपलर फिरवा. अडला तर जोर लावू नका. आटे गेले तर दांडाच बदलावा लागतो. तिथून पुढचं काम दुरुस्तीवाल्याचं.

वाटताना भांडं वाचतं ते असं

चटणीच्या भांड्यात सुकं जिन्नस निम्म्याहून जास्त नको. 400 मिलिलिटरच्या भांड्यात 25-30 ग्रॅम सुक्या मिरच्या एका वेळी पुरेत. मिरच्या उन्हात किंवा मंद तव्यावर कुरकुरीत करा. नरम मिरची फाटते, दळली जात नाही, आणि पात्याभोवती गुंडाळून मोटर तापवते. दहा सेकंद फिरवा, पाच सेकंद थांबा. पूड झाली की झाकण दोन मिनिटं उघडू नका, पूड आत बसू दे. मग तोंड दूर ठेवून उघडा. मिरचीने हात भाजले तर पाण्याने थांबत नाही. आधी हाताला खोबरेल चोळा, मग साबण.

ओल्या वाटपात पाती बुडतील इतकं जिन्नस हवंच, नाहीतर पाती हवेत फिरतात आणि सगळं भिंतींवर चिकटतं. काफ्रियालसाठी (हिरव्या मसाल्यातल्या कोंबडीसाठी) कोथिंबीर-हिरवी मिरची वाटताना पाला आधी बारीक चिरा. लांब देठ दांड्याला गुंडाळतात, वॉशरखाली ओढले जातात आणि सील उचलतात. हळकुंड, अख्खं जायफळ, गुळाचा खडा, फ्रीजरमधून आत्ता काढलेलं खोबरं यातलं काहीही अख्खं घालू नका. जायफळ खलबत्त्यात आधी ठेचा, हळकुंड गिरणीत द्या.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत नारळ वाटता वाटता मिक्सर मध्येच बंद पडला तर तो जळाला असं लगेच समजू नका. प्लग काढा, पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि मिक्सरच्या बुडाशी असलेलं लाल बटण दाबा. मोटर तापली की तिच्या संरक्षणासाठी हे बटण आपोआप वीज तोडतं. दर पाच मिनिटांनी दोन मिनिटं विश्रांती दिली तर ती वेळ सहसा येत नाही.

पुरुमेंताच्या आधी आणि पावसाळ्यात

मे महिन्यात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची, लगबग असते: मीठ, सोलं, सुकी मासळी आणि वर्षाच्या मिरच्या घरात येतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली मिरची दळायला बसण्याआधी दोन्ही चाचण्या करून घ्या. खरं तर किलोभर मिरची मिक्सरवर दळूच नये, गिरणीत द्यावी. पण लोक दळतात, म्हणून सांगितलं. सील आणि गॅस्केट संशयास्पद असेल तर जूनच्या आधीच बदला. पावसात बदललं तर ओल आधीच आत गेलेली असते.

पावसाळ्यात रोज न लागणारं भांडं झाकण लावून कपाटात ठेवू नका. धुऊन, दोन दिवस उघड्यावर सुकवून, पात्यांवर लिक्विड पॅराफिनचा अगदी पातळ हात फिरवा, तोंडावर पातळ सुती फडकं बांधा आणि वरच्या फळीवर ठेवा. गॅस्केट झाकणात न बसवता वेगळी, कागदात गुंडाळून. वापरायच्या आधी साबणाने धुवा. समुद्राकडच्या खिडकीखाली आणि सिंकखालच्या कपाटात भांडं नकोच. मोटरची बाजू फक्त घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसा, आणि कपलरभोवती सांडलेला आमरस तेवढ्यात पुसा. मुंग्या खालच्या जाळीतून आत जायला वेळ लावत नाहीत.

दुरुस्तीला जाताना भांडं, झाकण आणि जुना कपलर तिन्ही बरोबर न्या. कपलरच्या दातांची संख्या आणि आट्यांचं माप मॉडेलप्रमाणे बदलतं. दिसायला सारखा पण एक दात कमी असलेला कपलर बसतो, चालतोही, आणि पंधरा दिवसांत मोटरवरचा कपलरही खाऊन टाकतो. नवा बुश बसवून मिळाला की दुकानातच भांडं उपडं करून हाताने फिरवून बघा: दांडा अडखळू नये आणि आडवा डुलू नये. मग एक कप पाणी मागा आणि कागदाची चाचणी तिथेच करून घ्या.